आठवड्याला तेहतीस लिटर

थेंबेकाकांचे खरे आडनाव थेंबे नव्हते. ते शाळेतल्या मुलींनी ठेवलेले, आणि पगारपत्रक सोडले तर पुढची चौतीस वर्षे सगळीकडे तेच चालले. मुलींच्या शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. बाई फळ्यावर समीकरण लिहीत, मुली ते वहीत उतरवून घेत, आणि त्याआधी अर्धा तास काका प्रत्येक टेबलावरची ब्युरेट, म्हणजे खाली बारीक तोटी असलेली उभी काचेची नळी, भरून ठेवत. कुठल्या बाटलीतले द्रावण कितव्या थेंबाला गुलाबी होणार हे त्यांना आधीच ठाऊक असे. एखादीने वहीत चौदा लिहिले आणि काकांची मान हलली नाही, की ती गुपचूप खोडून पुन्हा प्रयोग करी. बाईंना हे माहीत होते. बाई स्वतःही कधीकधी काकांच्या मानेकडे बघत.

निवृत्तीच्या दिवशी शाळेने घड्याळ द्यायचे ठरवले होते. काका म्हणाले, घड्याळ घरी आहे, ती टवका उडालेली ब्युरेट द्या. मुख्याध्यापिकांना तो विनय वाटला. त्यांनी दोन्ही दिले. घड्याळ कपाटात गेले आणि ब्युरेट स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिली.

"लोक खिडकीत झाड लावतात," काकू म्हणाल्या.

"झाडाला पाणी घालावं लागतं."

"आणि याला?"

"याला धुवावं लागतं."

घरी मोजण्यासारखे फार काही नव्हते. अंगणातला नळ मिनिटाला बेचाळीस थेंब गळतो, असा लेखी अर्ज काकांनी पाणीखात्याकडे केला. दीड महिन्याने माणूस आला, नळासमोर उकिडवा बसला, मोजले आणि म्हणाला, "एकेचाळीस."

"तुम्ही सुरुवात उशिरा केलीत," काका म्हणाले.

नळ तसाच राहिला.

मग काकूंच्या दोन्ही मूत्रपिंडांनी एकापाठोपाठ एक काम सोडले, आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार हे तीन वार डायलिसिसचे झाले. यंत्रे मोठ्या शहरातल्या इस्पितळात होती, अडतीस किलोमीटरवर. गावात असे अकरा रुग्ण होते. अकरा घरांनी मिळून एक मिनीबस ठरवली. सकाळी सहा दहाला निघायचे, सव्वासातला पोचायचे, साडेसातला सुया टोचून घ्यायच्या आणि चार तास छताकडे बघत पडायचे. त्या चार तासांत यंत्र रक्त बाहेर काढून धुते आणि परत आत सोडते. काकांना ही पद्धत पहिल्या दिवसापासून पसंत पडली. काकूंना पडली नाही, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

बस एकोणीस वर्षांची होती. पूर्वी ती एका वाद्यवृंदाची होती. तिच्या पाठीवर अजून अर्धा ट्रम्पेट रंगवलेला दिसे, उरलेला अर्धा पत्र्यासकट कधीतरी बदलला गेला होता. मालक आणि चालक एकच, सगळे त्याला भाऊ म्हणत. अंगाने भरलेला, माणसांशी कमी आणि बसशी जास्त बोलणारा. चढण आली की तो इंजिनावर थाप मारून "चल गं बाई" म्हणे, आणि तिसऱ्या बाकावरच्या शिवणबाई, ज्यांनी निम्म्या गावाला शिवणकाम शिकवले होते, दर वेळी "आले, आले" म्हणत. त्यांच्या शेजारी निवृत्त पोस्टमास्तर बसत. ते कधीच हसत नसत. त्यांचे म्हणणे, हसले की तहान लागते, आणि डॉक्टरांनी पाणी दिवसाला तीन पेले एवढेच ठेवले होते.

त्या वर्षी डिझेलचा भाव दोन महिन्यांत चार वेळा वाढला. पहिल्या वेळी लोक चिडले, दुसऱ्या वेळी हसले, तिसऱ्या वेळी कोणी काही बोलले नाही, आणि चौथ्या वेळेनंतर डिझेलच मिळेनासे झाले, त्यामुळे भावाचा प्रश्न आपोआप मागे पडला. टँकर येई तेव्हा येई. गाडीमागे आठवड्याला पंधरा लिटर, कार्डावर शिक्का मारून. रांग पंपापासून लाकडाच्या वखारीपर्यंत, तिथून वळून शाळेच्या कुंपणापर्यंत. ट्रकवाले रांगेत दाढ्या करत. एका टेम्पोवाल्याने रांगेतच टेम्पो विकला, आणि घेणाऱ्याकडून रांगेतल्या जागेचे वेगळे पैसे घेतले.

बस लिटरमागे सात किलोमीटर जाई. जाऊन येऊन शहात्तर, म्हणजे अकरा लिटर. तीन फेऱ्यांना तेहतीस. मिळणार पंधरा. हे गणित भाऊने बसच्या मागच्या काचेवरच्या धुळीत बोटाने मांडले आणि उत्तर पसंत पडले नाही म्हणून बाहीने पुसून टाकले.

पुढच्या बुधवारी सहा दहाला अकरा जण पिशव्या घेऊन चौकात उभे होते, आणि भाऊ रांगेत होता. टँकर दुपारी आला. गुरुवारी सकाळपर्यंत काकूंचे पाय सुजून चपलेत मावेनात, आणि दोन जिने चढल्यासारखी धाप बसल्या जागी लागू लागली.

"काही होतंय का?" काकांनी विचारले.

"चप्पल लहान झालीय," काकू म्हणाल्या.

गुरुवारी कसेबसे पोचल्यावर तिथल्या सिस्टरने अकराही जणांना दुसऱ्यांच्या वेळांत इकडेतिकडे घुसवले. सिस्टर ठेंगणी, चष्मा कपाळावर, आवाज कायम एकाच पट्टीत. सगळ्यांना यंत्रावर घातल्यावर ती काका आणि भाऊ यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"एकदा मी सांभाळून घेतलं, उद्याची पाळीही आजच्यातच धरते. आमच्याकडे एकोणीस जण यंत्रासाठी वाट बघत थांबलेत. सकाळची पाळी पुन्हा एकदा रिकामी गेली, की ती त्यांना द्यावी लागेल. नियम माझा नाही, पण पाळते मी."

"आणि उशीर झाला तर?" काकांनी विचारले.

"आठपर्यंत उशीर. आठनंतर गैरहजर."

परतीच्या वाटेवर भाऊने चढणीवरही तोंड उघडले नाही. शिवणबाई वाट बघून शेवटी आपणच "आले" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊ एक बाटली घेऊन काकांच्या दारात. हमरस्त्यावर एक जण पिंपातून बायोडिझेल विकत होता, डिझेलपेक्षा स्वस्त, कार्ड नको, शिक्का नको. गाडीवाल्यांची तिथेही रांग लागली होती, फक्त ती आनंदी रांग होती. "झाडपाल्याचं तेल आहे म्हणतो. काका, तुम्ही शाळेतले. जरा बघा, गाडीला बाधणार नाही ना."

काकांनी बाटलीतले थोडे तेल परीक्षानळीत घेतले, तेवढेच पाणी घातले, अंगठा लावून हलवले आणि नळी ब्युरेटशेजारी उभी करून ठेवली. चहा होईपर्यंत नळीत दुधासारखे पांढरे काहीतरी तयार झाले. चहा पिऊन झाला तरी त्यातून तेल आणि पाणी वेगळे होईना.

"यात काय आहे?" भाऊने विचारले.

"बरंच काही आहे. बायोडिझेल मात्र दिसत नाही."

"मग गाडी चालणार नाही?"

"चालेल. थांबणार कुठे, एवढंच सांगता येत नाही."

भाऊ डोक्याला हात लावून पायरीवर बसला. काकू आतून म्हणाल्या, "अहो, तुम्ही मागे त्या मुलींना करून दिलं होतं ना तेल? त्यांना बक्षीस मिळालं ते?"

"मुलींनी केलं होतं," काका म्हणाले.

"मुलींनी तक्ता रंगवला होता. तेल तुम्ही केलं होतं."

हे खरे होते. विज्ञान प्रदर्शनासाठी तीन चंबू बायोडिझेल काकांनी केले होते. तळणाचे वापरलेले तेल गरम करून त्यातले पाणी काढायचे, कॉस्टिक सोडा मिसळलेले मेथिल अल्कोहोल त्यात घालून ढवळायचे, आणि मग हात बांधून बसायचे. खाली काकवीसारखे ग्लिसरीन बसते, वर पिवळे पातळ तेल राहते. ते वरचे तेल पाण्याने धुवायचे, म्हणजे साबण आणि सोडा निघून जातो. तेल किती जुने यावर सोडा किती हे ठरते, आणि तेल किती जुने हे ब्युरेट सांगते. हीच यातली मेख. अंदाजाने केले की तेलाऐवजी साबण होतो.

"तीन चंबू केले होते," काका म्हणाले. "आठवड्याला अठरा लिटर नाही केलं कधी."

"मग आता करा," काकू म्हणाल्या. "नाहीतरी नळच मोजताय."

तेलासाठी काका कापड गिरणीच्या उपाहारगृहात गेले. तिथे रोज सहाशे माणसांसाठी बटाटे आणि मासे तळले जात. चालवणारा माणूस पांढऱ्या टोपीतला, कायम दुखावलेल्या चेहऱ्याचा.

"वापरलेलं तेल? ते आहे की. पण सांगून ठेवतो, माझं तेल चोख. दोनदा तळलं की बदलतो."

काकांनी खिशातून छोटी बाटली काढली, पिशवीतून ब्युरेट काढली, ती खुर्चीच्या पाठीला सुतळीने बांधली आणि तिथेच तेल तपासायला घेतले. थेंब पडू लागले. ताज्या तेलाला दोन-तीन थेंबांत गुलाबी रंग यावा. सात झाले. नऊ झाले. टोपीवाला आधी ब्युरेटकडे बघत होता, मग काकांकडे, मग दाराकडे.

"अकरा," काका म्हणाले.

"अकरा म्हणजे?"

"म्हणजे हे तेल आठ-दहा दिवस तळतंय."

टोपीवाल्याने दार लोटून घेतले. "साहेब, हा रिपोर्ट कुणाकडे जातो?"

"कुणाकडेच नाही. मला सोडा किती घालायचा ते कळतं."

"म्हणजे गिरणीच्या मालकांकडे नाही?"

"त्यांना सोडा कशाला लागेल?"

टोपीवाल्याने यावर बराच विचार केला. त्या दिवसापासून दर शनिवारी तेलाचा डबा काकांच्या घरी पोच होऊ लागला, फुकट, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्यातले तेल पाच थेंबांत गुलाबी होऊ लागले. सहाशे माणसांना याचे कारण कधी कळले नाही.

परसात, चुलीपासून वीस पावले मोजून, काकांनी पत्र्याखाली कारखाना मांडला. दोन पिंपे, लांब दांड्याचे ढवळणे, तळाला तोटी बसवलेला हंडा. काकू खुर्ची टाकून लांबून बघत. तेल धुण्याच्या वेळी त्यांना राहवत नसे.

"पहिलं पाणी ढगाळ निघालं," काका स्वतःशी म्हणत.

"मग पुन्हा धुवा."

"दुसरंही जरा ढगाळच."

"माझ्या साड्या इतक्या धुतल्या असत्यात तर एव्हाना फाटल्या असत्या."

तिसरे पाणी निर्मळ आले की काकांची मान हलायची. मग तेल उन्हात सुकवायचे आणि गाळून कॅनमध्ये भरायचे. पहिला वीस लिटरचा कॅन भाऊकडे गेला तेव्हा त्याने झाकण उघडून वास घेतला आणि चेहरा बदलला.

"काका, हे तर तळलेल्या माशासारखं वास मारतंय."

"त्याला इलाज नाही. तपासलेलं आहे."

अर्धे डिझेल आणि अर्धे काकांचे तेल, अशी बस सोमवारी निघाली. आवाज कमी झाला, धूर पांढुरका झाला, आणि चढण भाऊला "चल गं बाई" म्हणायला फुरसत न देता संपली. फक्त वास. तो मागून खिडक्यांतून आत येई आणि सगळ्या बाकांवर सारखा वाटला जाई. अकराही जणांना डॉक्टरांनी तळलेले, खारवलेले, चमचमीत सगळे बंद केले होते.

"बटाटे," शिवणबाई डोळे मिटून म्हणाल्या. "पातळ कापलेले."

"मासे," पोस्टमास्तर म्हणाले. वर्षभरात ते एवढेच आपणहून बोलले होते.

"भाऊ, हा छळ आहे," शिवणबाई म्हणाल्या. "आम्हाला उकडलेल्या दुधीवर ठेवायचं आणि वर कढईत बसवून न्यायचं."

"खिडक्या लावून घ्या ना मग."

"कशाला? असू देत उघड्या."

असे तीन आठवडे होत आले. आठ फेऱ्या झाल्या. एकही चुकली नाही, एकदाही उशीर झाला नाही. रांगेतले गाडीवाले भाऊला बायोडिझेलबद्दल विचारू लागले आणि भाऊ, ज्याला तीन आठवड्यांपूर्वी ते झाडपाल्याचे वाटत होते, त्यांना थेंबांविषयी समजावून सांगू लागला. एका टेम्पोवाल्याने एवढे ऐकून कढईतले तेल थेट टाकीत ओतले. त्याचा टेम्पो वखारीजवळ दोन दिवस उभा होता आणि रांग त्याला वळसा घालून जात होती.

नवव्या फेरीला, शुक्रवारी, काका काकूंबरोबर बसमध्ये होते. भरलेला वीस लिटरचा कॅन पायाशी होता. त्या एका बुधवारनंतर भाऊ सुटा कॅन घेतल्याशिवाय निघत नसे. सहा बेचाळीसला बस खोकली. मग तिने दोन आचके दिले, मग वेग सोडला, आणि रस्त्याच्या कडेला, दोन्ही बाजूंनी मोकळी शेते अशा जागी, ती इतकी शांत उभी राहिली की शेवटच्या बाकावरच्याचे घोरणे सगळ्यांना ऐकू आले.

इस्पितळ चौदा किलोमीटर पुढे होते.

भाऊने इंजिनावरचे झाकण काढले, पान्याने डिझेलची गाळणी उघडली आणि हातावर घेतली. गाळणीचा पिवळा कागद काळा झाला होता. त्यावर डांबरासारखा चिकट थर बसला होता.

"हे बघा तुमचं तेल!" भाऊचा आवाज एकदम चढला. "मी सांगत होतो! मासे तळायचं तेल गाडीत घालायला निघालो मी, अक्कल गहाण टाकून!"

"द्या इकडे," काका म्हणाले.

त्यांनी तो काळा थर बोटावर घेतला, चोळला, वास घेतला. माशाचा वास नव्हता. जुन्या डिझेलचा, गंजाचा, वर्षानुवर्षे बंद राहिलेल्या पिंपाचा वास होता. काकांनी गाळणीकडे पाहिले, मग बसच्या पोटाखालच्या टाकीकडे पाहिले, आणि त्यांचे कान लाल झाले.

"भाऊ, टाकी शेवटची कधी धुतली होती?"

"टाकी? टाकी कोण धुतं?"

"एकोणीस वर्षांत?"

"गाडी आतून कोण धुतं, काका!"

काका खाली वाकून बघत राहिले. बायोडिझेल मळ सोडवते. प्रदर्शनाच्या तक्त्यावर, उजव्या कोपऱ्यात, मुलींनी हिरव्या शाईने हे लिहिले होते, कारण काकांनीच सांगितले होते. एकोणीस वर्षे डिझेलचा गाळ टाकीच्या तळाला आणि भिंतींना धरून बसला होता, कोणाला त्रास देत नव्हता. काकांचे तीन पाण्यांत धुतलेले तेल आत गेले आणि त्याने टाकी धुवायला घेतली. तो सगळा मळ सुटून नळीवाटे गाळणीवर येऊन बसला. चौतीस वर्षे रोज काचेची भांडी विसळणाऱ्या माणसाने वीस लिटर तेल थेंब मोजून केले आणि ते न धुतलेल्या भांड्यात ओतले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "तेलाची नाही, माझी. दुसरी गाळणी आहे?"

"नाही."

"किती वाजले?"

"सहा त्रेपन्न," पोस्टमास्तर म्हणाले.

काकू खिडकीतून हे सगळे बघत होत्या. "अहो, आठपर्यंत उशीर, आठनंतर गैरहजर," त्या म्हणाल्या, जसे काही काका विसरले होते.

"माहीत आहे."

"मग उभे काय राहिलात?"

काकांनी शिवणबाईंचा डबा मागितला. त्यांनी त्यातली उकडलेली भाजी रुमालात काढून घेतली आणि अजिबात दुःख न करता डबा दिला. काकांनी कॅनमधले थोडे तेल डब्यात ओतले आणि गाळणी त्यात धुवायला घेतली. ज्या तेलाने मळ सुटला, त्याच तेलाने तो गाळणीवरूनही सुटणार होता. पहिल्या वेळी डबा काळाकुट्ट झाला. त्यांनी ते तेल जुन्या बाटलीत काढून ठेवले आणि दुसऱ्यांदा ओतले.

"झालं की काका! द्या आता!" भाऊ डोक्यावर उभा होता.

"काळं आहे अजून."

"सात वाजून गेले!"

"कागद आहे, घासला तर फाटेल. फाटला तर तुम्ही ढकलणार आहात का बस चौदा किलोमीटर?"

तिसऱ्या वेळी तेल मधासारखे निघाले. काकांनी गाळणी झटकून दिली. "पण टाकीतलं तेल घ्यायचं नाही आता. पुन्हा तेच होईल. टाकीला मधून वगळता येईल?"

भाऊने काकांकडे पहिल्यांदाच मिस्त्रीकडे बघावे तसे बघितले. मग तो बसखाली गेला. त्याने टाकीकडच्या दोन्ही नळ्या सोडवल्या, एक तेल आणणारी आणि एक उरलेले तेल परत नेणारी, त्यांना रबरी नळ्या जोडल्या आणि दोन्ही टोके झाकणाच्या फटीतून वर काढून कॅनमध्ये सोडली. मग इंजिनाजवळचा हातपंप दाबून दाबून नळीतली हवा काढली. सात पंचवीसला बस सुरू झाली.

कॅन सरळ धरून कोणीतरी बसायला हवे होते. काका इंजिनाशेजारी खाली बसले आणि दोन्ही पायांत कॅन आवळून धरला. खड्डा आला की कॅन उडे, आणि कॅनबरोबर काका.

"हळू!" काकू ओरडल्या.

"हळू गेलो तर आठ वाजतील, काकू," भाऊ म्हणाला.

"मग जोरात जा, पण खड्डे चुकव."

"दोन्ही एकदम जमत नाही."

"आमचे हे बघ, खाली बसून कॅन धरतायत. त्यांना जमतंय ना?"

इस्पितळाच्या फाटकात सात सत्तावन्न झाले होते. अकरा जण इतक्या वेगाने उतरले की पहारेकरी बाजूला झाला. पोस्टमास्तर पायऱ्या चढताना थांबले, हसले, लगेच गंभीर झाले आणि पुन्हा चढू लागले. सिस्टर दारात उभी होती. कपाळावरचा चष्मा खाली घेऊन तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग काकूंच्या पायांकडे, मग काकांच्या सदऱ्याकडे, ज्याच्यावर कॅनचा चौकोन उमटला होता.

"आज तळणाचा वास फार येतोय," ती म्हणाली. "चला, आत चला."

काकूंना सुई टोचली तेव्हा आठ वीस झाले होते. चार तास. काका बाहेर येऊन वाहनतळावर भाऊसमोर उभे राहिले.

"आपल्याकडे चार तास आहेत," ते म्हणाले. "टाकी खाली घ्या."

"इथे?"

"मग कुठे? अकरा माणसं वर झोपलीत. त्यांना परत कॅनवर न्यायचं, आणि सोमवारी पुन्हा आणायचं, पुन्हा कॅनवर?"

भाऊने सदरा काढून आरशाला अडकवला आणि बसखाली सरपटत गेला. एकोणीस वर्षांत न हललेले बोल्ट हलवायला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात त्याने बसशी जे काही बोलून घेतले ते आतल्या बाकांवर ऐकायला कोणी नव्हते, हे बरे झाले.

कॅनमध्ये साधारण पंधरा लिटर उरले होते. घरी जायला साडेपाच लागणार होते. काकांनी सहा लिटर बाजूला काढून त्यावर झाकण लावले आणि झाकणावर आपला चष्मा ठेवला, म्हणजे भाऊ चुकूनही हात लावणार नाही. उरलेल्या नऊ लिटरांत टाकी धुवायची होती. सव्वादोन लिटर आत ओतायचे, तोंड बंद करायचे, दोघांनी दोन बाजूंनी टाकी उचलून हलवायची, उलटी करायची, ओतून घ्यायची. पहिल्या खेपेला काळा चिखल निघाला. त्यात गंजाच्या खपल्या होत्या, चिंधीचा एक तुकडा होता आणि एक नाणे होते, जे चलनातून जाऊन बारा वर्षे झाली होती.

"हे त्या ट्रम्पेटवाल्यांचं असणार," भाऊ म्हणाला आणि खिशात टाकले.

दुसऱ्या खेपेला गडद तपकिरी. वाहनतळाचा पहारेकरी येऊन बघून गेला. तिसऱ्या खेपेच्या आधी दहा वाजले, सुट्या भागांचे दुकान उघडायची वेळ झाली, आणि भाऊ नवी गाळणी आणायला निघाला. एकाच्या जागी तीन घेऊन आला.

"तीन?"

"एक लावायला, दोन तुमच्यासाठी. तुम्ही आणखी काय काय धुवायला घ्याल, सांगता येत नाही."

चौथ्या खेपेला टाकीतून तेल जसे गेले तसेच बाहेर आले. काकांनी ते बाटलीत घेऊन उन्हात धरले आणि बराच वेळ त्यातून पलीकडे बघत राहिले. भाऊ काकांच्या मानेकडे बघत होता.

मान हलली.

टाकी वर चढली, बोल्ट बसले, नळ्या जुन्या जागी गेल्या, नवी गाळणी लागली. सहा लिटर ओतले. भाऊने किल्ली फिरवली. बस पहिल्या झटक्याला सुरू झाली. भाऊने ती मुद्दाम बंद केली आणि पुन्हा सुरू केली. मग तिसऱ्यांदा. मग काकांनी त्याचा हात धरला.

बारा वाजायला दहा मिनिटे असताना काका वर गेले. कोपरापर्यंत दोन्ही हात काळे, कपाळावर आडवी रेघ. सिस्टरने त्यांना दाराच्या चौकटीतच अडवले.

"इथून पुढे नाही. आत निर्जंतुक आहे."

"मला फक्त सांगायचंय."

"तिथूनच सांगा."

काकू तिसऱ्या यंत्रावर होत्या. एक हात उशीवर सरळ ठेवलेला, नळ्या लावलेल्या. त्यांनी मान वळवून काकांना वरपासून खालपर्यंत बघितले.

"कुठे लोळलात?"

"टाकी धुतली."

"कितीदा?"

"चारदा."

"निर्मळ आलं?"

"आलं."

बाजूच्या खाटेवरच्या शिवणबाई डोळे न उघडताच काकूंना म्हणाल्या, "बस सुरू होतेय का, ते विचार."

"होतेय," काका म्हणाले. "तीनदा करून बघितली."

"आणि सोमवारी?" काकूंनी विचारले.

"सोमवारी सहा दहा."

सिस्टर हातातल्या तक्त्यावर काहीतरी लिहीत होती. तिने मान वर न करता विचारले, "सोमवारचे अकराच ना? की कोणाला दुसरी वेळ हवीय?"

"अकरा," काका म्हणाले.

"अकरा," तिने लिहिले.

यंत्राचे चाक फिरत होते. काकूंनी घड्याळाकडे बघितले. "परत निघायला किती वाजतील?"

"तुझं यंत्र कधी सुटतंय?"

"बारा वीस."

"मग बारा वीस," काका म्हणाले, आणि हात धुवायला गेले.